केटलीतला पांढरा थर: लंडनचे दुष्फेन पाणी आणि वाया गेलेल्या साबणाचा इतिहास

आजचा धागा इतिहासाच्या पुस्तकांत सहसा न भेटणाऱ्या एका वस्तूविषयी आहे. केटलीच्या तळाशी, गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडाशी साचणारा तो पांढरा, खरखरीत थर. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांना त्याची ओळख करून द्यायला नको. आपल्या आजीच्या काळी तो तांब्याच्या बंबात साचत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये या थराला कारण असणाऱ्या पाण्यावरून सरकारी चौकशी झाली, जाडजूड अहवाल छापले गेले, रसायनशास्त्रज्ञ आणि पाणी विकणाऱ्या कंपन्या समोरासमोर उभ्या राहिल्या. वादाचा मुद्दा असा: पाण्यातला चुना काढायचा कोणी? पाणी विकणाऱ्याने, की ते वापरणाऱ्याने?

धागा थोडा लांब आहे. चहा टाकून वाचायला बसलात तर केटलीही समोर राहील.

प्रथम दोन शब्द. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत आपण 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी शिकलो. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन, आणि फेस येता येत नाही ते दुष्फेन. इंग्रजीत अशा पाण्याला 'कठीण' म्हणतात. त्यापेक्षा मराठी शब्द मला अधिक नेमका वाटतो. कारण पुढे दिसेल, की इतिहासात हे पाणी प्रथम व्यवस्थित मोजले गेले ते साबणाच्या फेसानेच.

या थराचा त्रास रोमनांनाही होता. इ.स. ९७ मध्ये रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेला फ्रॉन्टिनस आपल्या ग्रंथात कालव्यांच्या दुरुस्तीची कारणे सांगतो. साचलेला गाळ कधी कधी कवचासारखा कठीण होतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो, हे त्यांपैकी एक. जर्मनीतील आयफेलच्या डोंगराळ भागातून कोलोनला पाणी नेणाऱ्या सुमारे ९५ किलोमीटर लांबीच्या रोमन कालव्यात हा थर इतका जाड झाला, की मध्ययुगात लोकांनी तो कापून काढला, घासून चकचकीत केला आणि संगमरवर म्हणून चर्चच्या खांबांना वापरला. केटलीतल्या घाणीचा याहून मोठा सन्मान झाल्याचे मला ठाऊक नाही.

थर बसतो का, याचे उत्तर मात्र अठराव्या शतकापर्यंत थांबले. १७५६ मध्ये जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने चुनखडीसारख्या पदार्थांत बांधला गेलेला एक वायू ओळखला. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. तेव्हा त्याचे नाव होते 'बद्ध वायू'. पुढे १७६७ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने लंडनच्या रॅथबोन प्लेस येथील पाण्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. हे पाणी उकळले की तळाशी बरीच 'माती' बसत असे. कॅव्हेंडिशने दाखवले, की ही माती म्हणजे चुनखडीच असून पाण्यात ती विरघळून राहते ती या वायूच्या आधाराने. पाणी तापवले की वायू निघून जातो, आधार सुटतो आणि चुनखडी खाली बसते. लंडनभोवतीचा पुष्कळसा प्रदेश खडूच्या खडकाचा आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून हा वायू घेते, त्या खडकातून झिरपताना त्याला थोडे थोडे विरघळवते आणि शेवटी घराघरांतल्या केटलीत तोच खडक पुन्हा जमवते.

घरगुती उपाय काय होते? व्हिक्टोरियन गृहिणी केटलीत ऑयस्टरचा शिंपला किंवा संगमरवराचा तुकडा टाकून ठेवत. चुना भांड्याऐवजी शिंपल्यावर बसावा, ही कल्पना. कारखान्यांच्या बाष्पित्रांत तर बटाटे टाकत, म्हणजे सुटणारा चुना चिकटून कठीण होण्याऐवजी लगद्यासारखा राही. हे उपाय हास्यास्पद नव्हते. पण खरा खर्च केटलीत होतच नव्हता. तो धुण्याच्या टबात होत होता.

साबण दुष्फेन पाण्यात टाकला की त्याची पहिली गाठ मळाशी पडत नाही, चुन्याशी पडते. दोहोंचा मिळून न विरघळणारा, चिकट, राखाडी साका तयार होतो. आंघोळीनंतर बादलीच्या कडेला दिसतो तोच. पाण्यातला सगळा चुना असा संपेपर्यंत फेस येत नाही आणि कपडाही स्वच्छ होत नाही. हिशेब करून पाहा. पाण्यातल्या चुनखडीच्या वजनाच्या सुमारे ६ पट शुद्ध साबण या साक्यात खर्ची पडतो. थेम्सच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम चुनखडी धरली, तर २० लिटरच्या एका बादलीत ४ ग्रॅम. म्हणजे पहिला टिकाऊ फेस येण्यापूर्वीच २४ ग्रॅम साबण गेला. आणि धुणे एका बादलीत होत नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दख्खनच्या अनेक विहिरींचे पाणीही दुष्फेन. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे रिठा आणि शिकेकाई यांच्या फेसाची रसायने वेगळी; चुन्याशी त्यांचा साबणासारखा साका होत नाही. विहिरीच्या पाण्यावर केस धुणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्र माहीत असण्याची गरज नव्हती. लंडनच्या धुणाऱ्या बाईपुढे मात्र साबण आणि धुण्याचा सोडा, एवढेच पर्याय होते. सोडा चुन्याला आधीच खाली बसवतो, त्यामुळे साबण वाचतो. पण जास्त झाला की हातांची कातडी सोलते आणि कापडही लवकर विरते.

त्यातच साबणावर कर होता. १७१२ मध्ये ब्रिटनमध्ये लागू झालेला हा कर १८१६ मध्ये रत्तलामागे ३ पेन्सवर गेला, १८३३ मध्ये निम्म्यावर आला आणि १८५३ मध्ये ग्लॅडस्टनने तो रद्द केला. म्हणजे आपला हा वाद चालू असताना लंडनमधील गरीब कुटुंब वाया जाणाऱ्या साबणाची किंमत देत होतेच, शिवाय त्या वाया जाण्यावर सरकारला करही भरत होते.

आता या कथेतला मुख्य माणूस. टॉमस क्लार्क, जन्म १८०१, स्कॉटलंडमधील अॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात १८३३ पासून रसायनशास्त्राचा प्राध्यापक. १८४१ मध्ये त्याने पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ती पद्धत ऐकणाऱ्याला विनोद वाटावा अशी होती: पाण्यातला चुना काढण्यासाठी पाण्यात चुना घाला.

मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही, आपण त्याला काट्याने काटा काढणे म्हणतो. पाण्यात चुनखडी टिकते ती जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे, हे कॅव्हेंडिशने दाखवलेच होते. चुन्याची निवळी घातल्यावर ती खाली बसते हेही त्याच्या प्रयोगांत आले होते. ताजा चुना त्या वायूला ओढून घेतो. मग विरघळलेली चुनखडी निराधार होते आणि नवा चुनाही चुनखडी होऊन तिच्याबरोबर तळाला जातो. उकळण्याचे काम थंड पाण्यात, इंधनाशिवाय होते. गंमत अशी, की एक भाग खडू भाजून चुना करून पाण्यात घातला, तर तळाशी दोन भाग खडू मिळतो. जिप्समसारख्या क्षारांमुळे आलेला दुष्फेनपणा याने जात नाही, तो उकळूनही जात नाही. पण थेम्सच्या पाण्यात मोठा वाटा चुनखडीचाच होता.

(एक आडवाट. 'निवळी' या शब्दाने गोंधळ होऊ शकतो. निवळीच्या बियांनी पाणी स्वच्छ करण्याची आपली परंपरा सुश्रुतसंहितेइतकी जुनी आहे, तिथे तिचे नाव 'कतक'. पण ती बी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेला चुना नव्हे. तुरटीचेही तसेच. आरशासारखे नितळ पाणी पूर्ण दुष्फेन असू शकते.)

क्लार्कने आणखी एक काम केले, आणि माझ्या मते तेच अधिक दूरगामी ठरले. त्याने दुष्फेनपणा मोजायची सोपी रीत दिली. ठराविक पाणी बाटलीत घ्यायचे, त्यात प्रमाणित साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून हलवायचे आणि फेस पाच मिनिटे टिकेपर्यंत किती द्रावण लागले ते पाहायचे. एका गॅलनमध्ये, म्हणजे ७०,००० ग्रेन पाण्यात, १ ग्रेन चुनखडी म्हणजे एक अंश. थेम्सचे पाणी सुमारे १४ अंश भरत असे. क्लार्कच्या पद्धतीने ते तीन-चार अंशांवर येऊ शकत होते. तोपर्यंत 'आमच्याकडचे पाणी जड आहे' ही तक्रार होती, आता तो आकडा झाला. तक्रारीकडे दुर्लक्ष करता येते. आकड्याला पैशांत बदलता येते.

ते काम एडविन चॅडविकने केले. १८४८ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा होऊन केंद्रीय आरोग्य मंडळ स्थापन झाले. चॅडविक हा त्याचा कर्ता माणूस. कर्तबगार, हट्टी आणि शत्रू जोडण्यात तरबेज. १८४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे गेली. १८५० मध्ये मंडळाने राजधानीच्या पाणीपुरवठ्यावर अहवाल काढला. लंडनला तेव्हा नऊ खाजगी कंपन्या पाणी विकत होत्या, बहुतेक वस्त्यांत दिवसातले थोडे तासच. अहवालाने सांगितले, की थेम्सचे पाणी सोडून द्या, सरेच्या वाळूच्या माळांवरचे सुफेन पाणी आणा आणि सगळा पुरवठा एका सार्वजनिक यंत्रणेखाली घ्या. त्यात साबण, सोडा, चहा, कपड्यांची झीज आणि धुणाऱ्यांचे श्रम यांचा विचार होता. सरकारी अहवालात धुण्याच्या टबाचा हिशेब यावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पुढे काय झाले? कंपन्यांनी विरोध केला. सरेच्या माळांवर शहराला पुरेल इतके पाणी नाही, असे अभियंते म्हणाले. सुफेन पाणी शिशाचे नळ विरघळवते, ही भीतीही पुढे आली. ती खोटी नव्हती, हे आपण पाहूच. १८५१ मध्ये ग्रॅहॅम, मिलर आणि हॉफमान या तीन नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी लंडनच्या पाण्याची तपासणी केली. आणि १८५२ मध्ये कायदा झाला. त्यात कंपन्यांना सांगितले गेले, की थेम्सचे पाणी टेडिंग्टन येथील बंधाऱ्याच्या वरूनच घ्या, म्हणजे भरतीबरोबर परतणारी शहराची घाण त्यात येणार नाही, आणि घरगुती वापराचे पाणी गाळून द्या. सुफेन करण्याची सक्ती त्यात नव्हती. कंपन्या राहिल्या, थेम्स राहिली, चुना राहिला. १८५४ मध्ये चॅडविकला मंडळातून जावे लागले.

या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येते. चॅडविक रोगाचे कारण दुर्गंधीत शोधत होता. नेमक्या १८५४ मध्ये जॉन स्नो ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापाशी कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवत होता. जीव घेणारी गोष्ट चुना नव्हती, मैला होती. त्या दृष्टीने टेडिंग्टनच्या वर सरकणे हेच तातडीचे काम होते आणि ते झाले. तरीही दुष्फेनपणाचा मुद्दा चॅडविकची सनक म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या खर्चाचा हिशेब बरोबर होता. फक्त तो खर्च ज्यांच्या खिशातून जात होता, त्यांना मत नव्हते.

हिशेबाची अडचण एका छोट्या उदाहरणात स्वच्छ दिसते. १८५४ मध्ये लंडनच्या आग्नेयेस प्लमस्टेड येथे क्लार्कची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. खोल विहिरींचे खडूतले पाणी, त्यात चुन्याची निवळी, मोठ्या हौदांत निवांत बसू देणे, वरचे पाणी नळांत. पद्धत चालली. पुढे हे केंद्र शेजारच्या केंट कंपनीकडे गेले आणि तिने पाणी सुफेन करणे बंद केले. यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. चुना, हौद आणि मजूर यांचा खर्च कंपनीचा. वाचणारा साबण गिऱ्हाइकाचा. कंपनीच्या वहीत ही बचत कुठल्याच रकान्यात येत नव्हती.

जिथे पाणी नगरपालिकेने हाती घेतले, तिथे दोन्ही रकाने एकाच वहीत आले. ग्लासगो हे त्याचे ठळक उदाहरण. १८५९ च्या ऑक्टोबरात राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते कॅट्रिन सरोवराची योजना सुरू झाली. अभियंता जॉन फ्रेडरिक बेटमन. सुमारे ५५ किलोमीटरवरून केवळ उताराच्या बळावर शहरात आलेले हे पाणी क्लार्कच्या मापाने एक अंशही भरत नसे. ग्लासगोच्या घरांत साबणाचा खर्च उतरला, याचा शहराला मोठा अभिमान होता.

पण त्या शहरात नळ शिशाचे होते. दुष्फेन पाणी नळाच्या आत चुन्याचे अस्तर चढवते. आपण ज्याला वैतागतो तोच थर शिसे आणि पाणी यांच्यामध्ये उभा राहतो. कॅट्रिनच्या पाण्यात असे अस्तर बसणारच नव्हते, आणि हे पाणी जरासे आम्लधर्मीही. पुढची शंभर वर्षे ते शिसे थोडे थोडे विरघळवत लोकांच्या पोटात नेत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्तातील शिशाची मोजमापे होऊ लागली, तेव्हा हे स्पष्ट झाले. १९७८ मध्ये ग्लासगोच्या पाण्यात चुना घालायला सुरुवात झाली. आम्लता कमी झाली आणि त्यानंतर लोकांच्या रक्तातले शिसे उतरले.

लंडनकडे परत येऊ. सार्वजनिक मार्ग बंद झाल्यावर उपाय घरात शिरला, आणि त्याचे मूळ शेतात होते. १८५० मध्ये, म्हणजे मंडळाच्या अहवालाच्याच वर्षी, जॉन टॉमस वे याचा मातीवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. यॉर्कशायरच्या एच. एस. टॉम्सन या जमीनदाराने पाहिले होते, की खताचे अमोनियायुक्त पाणी मातीतून गाळले तर अमोनिया मातीत अडकतो आणि खालून चुन्याचा क्षार बाहेर येतो. वेने याचा पद्धतशीर अभ्यास केला. एक क्षार धरायचा आणि दुसरा सोडायचा, ही मातीची देवाणघेवाण होती. तिचा उपयोग पाण्यासाठी व्हायला अर्धशतक गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये रॉबर्ट गान्सने कृत्रिम झिओलाइट बनवून त्यातून दुष्फेन पाणी सोडले. झिओलाइट चुना धरतो आणि सोडियम सोडतो. थकला की मिठाचे पाणी देऊन त्याला पुन्हा ताजे करता येते. 'परम्युटिट' या नावाने ही यंत्रे विकली जाऊ लागली. १९३५ मध्ये अॅडम्स आणि होम्स या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी हेच काम कृत्रिम रेझिनकडून करून घेतले. आज सोसायटीच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या सॉफ्टनरमध्ये जे बारीक मणी असतात, ते त्या रेझिनचे वंशज. आणि अॅडम्स व होम्स यांची प्रयोगशाळा कुठे होती? टेडिंग्टनला.

साबणाचा प्रश्न शेवटी पाण्याने नव्हे, डिटर्जंटने संपवला. दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलेल्या या पावडरी चुन्याशी साबणासारखा साका करत नाहीत; भारतात १९५९ मध्ये सर्फ आली, त्यानंतर दहा वर्षांनी निरमा. दुष्फेन पाण्यातही कपडे निघू लागल्यावर त्यावर अहवाल लिहिण्याचे कारण उरले नाही. लंडनच्या बहुतेक भागांत पाणी आजही दुष्फेन आहे आणि तिथल्या केटल्यांत तोच खडू जमतो.

आता तुमच्या केटलीकडे पाहा. थर दिसत असेल तर पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला, उकळी आणा, अर्धा तास तसेच ठेवा, मग चोळून धुवा. घासणीने खरवडू नका, भांडे चरते. थरावर आम्ल पडताच बारीक बुडबुडे उठतील. चुनखडीतून सुटणारा तो वायू म्हणजे ब्लॅकने ओळखलेला आणि कॅव्हेंडिशने रॅथबोन प्लेसच्या पाण्यात मोजलेला बद्ध वायू.